मागच्या सीटवरची झोप

पूर्णेच्या रेल्वे शेडमध्ये शिवप्रसाद वॅगनी दुरुस्त करायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रवासाची चाकं ठोकून बघायची आणि आपण मात्र क्वार्टर ते शेड, शेड ते क्वार्टर एवढंच हिंडायचं, याचा त्याला मनापासून कंटाळा होता. चाळिशी गाठता गाठता त्यानं साडेतीनशे सीसीची मोटरसायकल घेतली आणि सुट्टी मिळाली की तो एकटाच कुठं कुठं जाऊन येऊ लागला. बायको पंकजा स्टेशन रोडला ब्लाउज शिवायचं दुकान चालवायची. तिला कधी त्यानं चल म्हटलं नाही, तिनंही कधी येते म्हटलं नाही.

मग जूनमध्ये त्यांची एकुलती मुलगी सोनू अकरावीला नांदेडच्या होस्टेलवर गेली. पहिल्याच रविवारी घर इतकं गप्प झालं की कुकरची शिट्टी झाली तरी दोघं दचकली. पंकजानं गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आज मला पण घेऊन चला."

त्या दिवशी ते औंढ्याला जाऊन आले. परत आल्यावर ती म्हणाली, "एवढंच असतंय व्हय?" शिवप्रसाद हसला, पण ते वाक्य त्याच्या डोक्यात बसलं. दिवाळीच्या आधी नांदेडच्या एका क्लबानं जोडप्यांसाठी राइड जाहीर केली: एकाच गाडीवर नवरा-बायको, चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर. तारीख जानेवारीच्या अखेरची. पंकजानं ते मोबाइलवर दोनदा वाचलं आणि फॉर्म तिनंच भरला.

तयारी सुरू झाली. दर रविवारी सराव, आधी दोनशे किलोमीटर, मग तीनशे, मग चारशे. क्लबाचे बन्सीधर सर जुने जाणते होते, अशा राइडी त्यांनी कैक केलेल्या. ते फोनवर सगळं समजावून सांगत. तेलकट खायचं नाही, पाणी घोट घोट प्यायचं, थांबलं तर दहा मिनिटांच्या वर थांबायचं नाही. दोघांच्या हेल्मेटात एकमेकांशी बोलायचं यंत्र बसवून घ्यायचं. आणि एक गोष्ट त्यांनी तीन-तीनदा सांगितली.

"मागं बसणाऱ्यानं दुपारी चालत्या गाडीवर झोपून घ्यायचं. दुपारी झोपलं तर रात्री पुढच्याला जागं ठेवता येतं. बऱ्याच बायकांना ते जमत न्हाई. घाबरतात. त्याची सवय आत्तापासून करा."

पंकजाला सवय करायची गरजच पडली नाही. ती बोरीची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. तिचं लहानपण भरल्या ट्रॉलीवर आणि पाचटाच्या ढिगावर गेलेलं. खडखडाटात झोपणं तिला उपजत यायचं. तिनं गाडीच्या सीटवर घालायला जाड फोमची गादी शिवली. कारच्या सीटबेल्टचा रुंद पट्टा आणून त्याला बक्कल लावलं आणि आपल्याला नवऱ्याच्या कमरेशी बांधून घ्यायची सोय केली. चौथ्या रविवारी जेवण झाल्यावर तिनं पट्टा आवळला, त्याच्या पाठीवर डोकं टेकलं आणि पाच मिनिटांत हेल्मेटच्या यंत्रातून तिच्या संथ श्वासाचा आवाज येऊ लागला.

ते जिंतूरवरून येलदरीकडं चालले होते. डिसेंबरचं ऊन, रस्त्याला वर्दळ नव्हती. दोन्ही बाजूंनी तुरी पिवळ्या पडलेल्या. समोर टेकडीला वळसा घालणारं वळण आलं आणि शिवप्रसादच्या कानात आवाज आला.

"मामा, हळू. मेंढरं हायती."

पंकजा जागी झाली असं त्याला वाटलं. त्यानं सवयीनं गाडी हळू केली. वळण ओलांडलं तर रस्ताभर मेंढरं. शंभर-सव्वाशे तरी असतील, या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेली. ब्रेक दाबून तो थांबला. कळपाच्या मागून एक म्हातारा धनगर काठी टेकत आला. येडबा त्याचं नाव, ते त्यानं पुढं आपणहून सांगितलं.

"पाव्हणं," तो म्हणाला, "वळणाच्या आल्याडच गाडी कशी काय हळू केली? हितं समदे येऊन अंगावर घालत्यात. मागल्या साली माजी दोन जित्राबं गेली."

"हिनं सांगितलं मागून," शिवप्रसाद म्हणाला.

येडबानं मान वाकडी करून पंकजाकडं पाहिलं. तिचं हेल्मेट नवऱ्याच्या पाठीवर कललेलं होतं, काचेआडचं तोंड अर्धवट उघडं होतं, हात मांडीवर सैल पडलेले.

"ती तर निजलीया की."

शिवप्रसादनं हात मागं नेऊन तिच्या गुडघ्याला लावला. ती हलली नाही. मग येडबानं मेंढरं बाजूला घेतली आणि वाट करून दिली. गाडी सुरू होताना तो एवढंच म्हणाला, "तिला उठवा आन् मग जावा."

शिवप्रसादनं तिला उठवलं नाही. येलदरीला चहा घेताना त्यानं विचारलं, "तू मला मामा कामून म्हणलीस?"

"तुमाला? मामा?" ती हसली. "मी तर झोपले व्हते. लय गाढ लागली बगा. बन्सीधर सरला सांगा, मी पास झाले म्हणून."

मेंढरांचं आपण तिला सांगितलं नाही, हे त्याच्या घरी आल्यावर लक्षात आलं. तेव्हा काही विशेष वाटलं नाही. मग पुढच्या रविवारी तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. पंकजा झोपली की दहा-पंधरा मिनिटांनी तिचा श्वास एकदम बदलायचा, लहान व्हायचा, आणि यंत्रातून तो आवाज यायचा. आवाज तिचाच होता, पण बारीक, घाई नसलेला, एखादं लेकरू ऊन खात बसलंय आणि दिसेल ते सांगतंय असा.

"मामा, कुत्रं हाय." दोनशे पावलांवर ज्वारीतून कुत्रं रस्त्यावर यायचं.

"मामा, खड्डा. उजवीकडनं घे."

"मामा, लाल गाडी यायलीय." चढ चढून गेलं की समोरून एसटी, त्यांच्या बाजूला घुसलेली.

एकदाही चूक नाही. शिवप्रसाद लोखंडाशी खेळणारा माणूस, भुताखेताच्या गोष्टी ऐकून तो हसायचा. पहिल्यांदा त्याच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा कमी आला. तिसऱ्या रविवारी तो त्या आवाजाची वाट बघत होता. जेवण झालं की तोच म्हणायचा, "झोप आता. वेळ वाया जायलाय."

त्यानं तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती घाबरेल आणि झोपायचीच नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. जानेवारीतल्या राइडला चारशे किलोमीटर तरी रात्रीचे होते, अनोळखी रस्त्याचे. तिथं हा आवाज सोबत असला तर काय पाहिजे? हे खरं कारण होतं आणि ते त्याला माहीत होतं. शिवाय आणखी एक होतं, ते तो कुणालाच सांगू शकला नसता. आवाज सुरू झाला की त्याच्या खांद्यातला ताण उतरायचा. रस्ता दुसरंच कुणीतरी बघतंय, आपण फक्त चालवायचं. तसं सुख त्याला गाडीवर कधीच मिळालं नव्हतं. सरासरी वेग वाढला. बन्सीधर सर फोनवर म्हणाले, "शिवप्रसाद, तुमी दोघं नंबर काढता यंदा."

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी ते मानवतकडून परभणीकडं येत होते. रस्ता सपाट, सरळ, दोन्हीकडं वेचून झालेला कापूस. पंकजा झोपलेली होती.

"मामा, पूल आला," आवाज म्हणाला.

शिवप्रसादनं गाडी हळू केली. पूल आला नाही. नालाही नाही, साधी मोरीसुद्धा नाही. तो चाळीसच्या वेगानं दोन किलोमीटर गेला. आवाज पुन्हा आला, या वेळी आणखी बारीक. "मामा, पूल आला." मग श्वास नेहमीसारखा झाला आणि परभणी येईपर्यंत काही नाही.

त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही. जो आवाज कधी चुकला नव्हता तो चुकला, एवढंच असतं तर त्यानं सोडून दिलं असतं. पण तो आवाज हा रस्ता बघत नव्हता. दुसरा कुठला तरी बघत होता.

दोन दिवसांनी शेडमधून अर्धी सुट्टी काढून तो एकटाच बोरीला गेला. सासू झुंबरबाई ओसरीत लसूण सोलत बसली होती. अवेळी जावई बघून ती उठली. "जावईबापू? समदं बरं हाय नव्हं? सोनू बरी हाय?"

"सगळे बरे हायत, आत्या. सहज आलो."

पाणी झालं, चहा झाला. शिवप्रसाद खाली बघत म्हणाला, "पंकजा लहानपणी झोपेत बोलायची का?"

झुंबरबाईचे हात थांबले. तिनं लसणाचं सूप बाजूला सरकवलं.

"काय म्हनती?"

"मामा म्हणती. रस्त्यात काय हाय ते सांगती."

बाहेर गल्लीत कुणी पिठाचा डबा घेऊन गेलं, त्याचा आवाज येऊन गेला. मग म्हातारी सांगू लागली.

"ती नऊ वरसाची व्हती. आमी कारखान्यावर व्हतो, आपल्याच गावचा आबासाहेब ट्रॅक्टरवर डायवर. लय गुणाचा मानूस. लेकरं त्याला मामा म्हनायची. फडातनं ट्रॉली भरून निघाली की ही हट्ट करायची, मामाजवळ बसते. मडगारावर बसायची आन् तितंच डोळा लागायचा. मी येकदा संगं व्हते तवा ऐकलं. झोपेत बोलायली, मामा, बैल यायलेत. मामा, दगड हाय. मी म्हनलं, लेकराला सपान पडलं. आबासाहेब मला म्हनला, आक्का, सपान न्हवं. हिला समदं दिसतंय. आठ दिस झाले, मी हिच्याच भरवशावर चालवायलो."

"मग?"

"मग काय. त्याला गोडी लागली. रोज म्हनायचा, पंकीला द्या. दोन-दोन खेपा करायचा, थकायचा न्हाई. मलाबी बरं वाटायचं, लेकरू मामाजवळ हाय, वरनं पडायची भीती न्हाई. संक्रांतीच्या आदल्या दिशी तिला नवा फराक आनला व्हता. फराक घालून बसली, आन् आनंदानं झोपलीच न्हाई. टक्क जागी. जागी असली की तिला कायी दिसत न्हाई, जावईबापू. तुमच्या-माज्यावानी. पाटाचा पूल आला आन् ट्रॅक्टर सरळ गेला. पूल डाव्या अंगाला व्हता."

"आन् आबासाहेब?" शिवप्रसादनं विचारलं.

"आबासाहेब तितंच गेला. ही पाचटात पडली, खरचटलंबी न्हाई. मला जवळ घेतल्यावर म्हनली, आई, मामानं डोळे मिटलेले व्हते. हसत व्हता. मला वाटलं, मामा खेळायलाय."

झुंबरबाईनं पदर तोंडावरून फिरवला. "त्याच्यानंतर ती बोलली न्हाई झोपेत. लगीन झालं, लेक झाली, येवढी वरसं गेली. मला वाटलं सुटलं. तुमी तिला मागं बसवून झोपू देऊ नका. तुमाला हात जोडते."

"न्हाई देणार," शिवप्रसाद म्हणाला.

परत येताना झरी गावाच्या आसपास त्याला वाटलं, यात भिण्यासारखं आहे ते आबासाहेबासारख्या माणसाला. तो अडाणी होता, दमलेला होता. आपण डोळे मिटू कशाला? आपण रस्ता बघतोच की. आवाज फक्त जास्तीचा. पूर्णेला पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं की शेवटचा सराव तेवढा करायचा, सहाशेचा, आणि मग काय ते पंकजाला सांगायचं.

शेवटचा सराव जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी होता. पहाटे पाचला निघाले, सोलापूर गाठून लातूर, अंबाजोगाई, परळी, मग गंगाखेड. सगळं वेळेच्या पुढं. पंकजा खुश होती. परळीच्या पुढं एका झाडाखाली उभ्या-उभ्या त्यांनी धपाटे खाल्ले. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"तुमी थकलाव."

"न्हाई."

"आज मी झोपत न्हाई. बोलत बसू."

"झोप की. सवय मोडू नको," शिवप्रसाद म्हणाला. बोलल्यावर त्याला लाज वाटली, पण त्यानं शब्द मागं घेतले नाहीत. तिनं पट्टा आवळला.

गंगाखेडला गोदावरीचा पूल लागला तेव्हा तीन वाजून गेले होते. पात्रात पाणी चमकत होतं, काठाला कुणी धुणं वाळत घातलं होतं. पूल संपता संपता तिचा श्वास बदलला.

"मामा, सरळ."

त्याचे खांदे सैल झाले. ऊन पाठीवर होतं, गाडीचा आवाज एकसुरी.

"मामा, ट्रॉली हाय, हळू. आता जा. मामा, डावीकडनं. मामा, पोरं हायती, भोंगा वाजीव." त्यानं हॉर्न वाजवला. "आता सरळ. सरळच हाय. लय सरळ हाय."

आवाज बोलत राहिला, तो ऐकत राहिला. आत उबदार, तांबूस उजेड होता, उन्हात आडवं पडल्यावर दिसतो तसा. त्याला कसलीच घाई नव्हती. आपण हसतोय हे त्याला जाणवलं, गाल हेल्मेटच्या अस्तराला लागत होते.

मग आवाज थांबला. थोडा वेळ नुसता श्वास. आणि मग अगदी हळू, कानाशी वाकून सांगावं तसा:

"मामा, डोळे उघड."

शिवप्रसादनं डोळे उघडले.

समोर रस्ता होता. दोन्हीकडं हिरवी ज्वारी, लांब एक बाई डोक्यावर भारा घेऊन चाललेली. कुणी आडवं आलेलं नव्हतं, काही नव्हतं. काटा सत्तरवर होता. आरशात पोखर्णीच्या नरसिंहाची कमान मागं जाताना दिसली. गोदावरीपासून पोखर्णीपर्यंत वीस किलोमीटर तरी होतात. त्या वीस किलोमीटरमधलं एक झाड त्याला आठवेना, एक घर आठवेना. आठवत होता तो तांबूस उजेड.

त्यानं गाडी कडेला घेतली, स्टँड लावलं आणि बक्कल काढलं. पंकजा जागी झाली. "काय झालं? पंक्चर?"

बांधाला बसून त्यानं सगळं सांगितलं. मेंढरांपासून सांगितलं, पुलाचं सांगितलं, बोरीला जाऊन आल्याचं सांगितलं. डोळ्यांचं शेवटी सांगितलं. हेल्मेट तिच्या मांडीवर होतं, त्याच्या काचेवरची धूळ ती बोटानं पुसत होती.

"किती दिस झाले?" तिनं विचारलं.

"पाच रविवार."

"पाच रविवार तुमी मला झोपवत व्हताव."

ती रागानं ओरडली असती तर बरं झालं असतं. ती तशीच, साध्या आवाजात म्हणाली, "आबामामाचे डोळे मला आठवतात. मिटलेले. मी त्याच्या तोंडाकडंच बगत व्हते. मला म्हणता आलं असतं. एवढंच म्हणायचं व्हतं, मामा, डोळे उघड. मी न्हाई म्हणले."

"तू लहान व्हतीस."

"व्हय. लहान व्हते." ती उठली. पंजाबी ड्रेसवर घातलेलं जर्किन तिनं ओढून नीट केलं. "चावी द्या."

तिला स्कूटी यायची, ही गाडी तिनं क्वार्टरच्या मैदानात चार-पाचदा फिरवलेली. पहिल्या गेअरमध्ये गाडीला दोन हिसके बसले, मग चालू लागली. परभणी, झिरो फाटा, पूर्णा, सगळा रस्ता तिनं चाळीसच्या वर काटा नेला नाही. शिवप्रसाद मागं ताठ बसला होता. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "जागे हाव ना?" तो म्हणाला, "हाय."

महिनाभर त्या घरात फार कमी बोलणं झालं. जेवण वेळेवर, डबा वेळेवर, पण ती त्याच्याकडं पाठ करून झोपायची आणि तो तिच्या श्वासाकडं कान लावून पडायचा. जानेवारीची राइड त्यांनी सोडली. शिवप्रसादला वाटलं, संपलं. तर फेब्रुवारीत एका सकाळी पंकजानं बन्सीधर सरांना स्वतःच फोन लावला आणि मार्चच्या बॅचला नाव दिलं. "अर्धी मी चालवणार," ती नवऱ्याला म्हणाली. "आन् चालत्या गाडीवर झोप न्हाई. झोप आली की गाडी उभी करायची, जमिनीवर पडायचं. एक झोपला की दुसरा बसून ऱ्हाणार."

"टाइम जाईल."

"जाऊ द्या."

मार्चमध्ये त्यांनी ती राइड केली. सोलापूर, पुढं कर्नाटकात शिरून परत. पेट्रोल पंपांच्या मागं सतरंजी टाकून ती पंचवीस-पंचवीस मिनिटं झोपली, तेव्हा शिवप्रसाद तिच्या उशाशी बसून राहिला. गाडी उभी असताना तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. सोळाशे किलोमीटरला साडेपंचवीस तास लागले. सर्टिफिकेट मिळालं नाही. बन्सीधर सर हळहळले, सोनूला मात्र आईनं हँडल धरलेला फोटो फार आवडला आणि तिनं तो होस्टेलभर दाखवला. पंकजा खूप दिवसांनी मोकळं हसली. शिवप्रसादलाही वाटलं की ते आता मागं पडलं.

एप्रिलच्या उन्हात एका संध्याकाळी तो शेडवरून सुटून तिच्या दुकानात गेला. पंकजा गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेली होती. दुकानात सरजाबाई होती. साठीची बाई, हातशिलाई आणि काजं-बटणं करायला यायची. तिनं सुई कापडात खोवली आणि आवाज खाली आणला.

"भाऊ, एक इचारू? रागाला येऊ नका. बाई दुपार कलली की मिशनीवर मान टाकून झोपती. उन्हाचं व्हतंय तसं. पन झोपेत बोलती."

शिवप्रसाद दारातच थांबला. "काय बोलती?"

"मामा म्हनती कुनाला तरी. आत्ता मघाशीच बोलली. मामा, फाटक पडलंय, थांब. मग म्हनली, आता उघडलं, जा. मी म्हनलं, कुन्या लेकराचं सपान बगायली."

"मघाशी म्हणजे कधी?"

"तुमच्या शेडचा भोंगा झाल्यावर. दहा-येक मिनिटं झाली असतील. मग उठली आन् मापाला गेली."

शिवप्रसादनं बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीकडं पाहिलं. शेडपासून दुकानापर्यंत येताना रेल्वेचं फाटक लागतं. आज ते बंद होतं का? मालगाडी गेली का? किती माणसं उभी होती? तो आठवून बघू लागला. शेडचं गेट आठवत होतं. दुकानाची पायरी आठवत होती. मधे काही नव्हतं, फक्त उन्हात पडल्यासारखी ऊब. त्याच्या कानात यंत्र नव्हतं, हेल्मेट तर त्यानं आज घरीच ठेवलं होतं.

पंकजा आल्यावर त्यानं तिला सांगितलं. या वेळी लगेच सांगितलं, सरजाबाईच्या समोरच. पंकजा खुर्चीवर बसली. टेप तिच्या गळ्यात तशीच होती.

"मी इथं असताना?" ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तुमाला ऐकूबी आलं न्हाई?"

"न्हाई. पण थांबलो असेन मी. फाटकाला. न्हाईतर आलो नसतो."

सरजाबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण ती उठली आणि तिनं दुकानातला दिवा लावला.

त्या दिवशी शिवप्रसादनं चावी बायकोच्या हातात दिली ती कायमची. शेडला तो आता चालत जातो, फाटकाशी आला की थांबून दोन्हीकडं बघतो, उघडं असलं तरी. रविवारी पूर्णेतली माणसं त्यांना बघतात. पुढं पंकजा, मागं शिवप्रसाद. पारावर कुणीतरी टोमणा मारतं, तो हात वर करून हसतो. गाव सुटलं, वाहनं तुरळक झाली, सरळ रस्ता लागला की मात्र त्याचं हसणं जातं. तिचं तोंड त्याला दिसत नाही. हेल्मेटची मागची बाजू तेवढी दिसते आणि आरशात तिच्या काचेवर पडलेलं आभाळ.

तेव्हा तो विचारतो, "पंकजा, डोळे?"

"उघडे हायत," ती म्हणते. "तुमी बोलत ऱ्हा."

मग तो बोलत राहतो. शेडमधलं सांगतो, सोनूचं सांगतो, रस्त्याकडंची पिकं सांगतो. रस्त्यात काय आहे ते मात्र तो कधी सांगत नाही.